मुरूम जातात आणि परत येतात? या चुका टाळा

मुरूम दिसला की त्यावर क्रीमचा ठिपका, बसला की ट्यूब कपाटात. मुरूम परत येण्याचं मोठं कारण हेच. आज वर आलेल्या मुरुमाची सुरुवात कित्येक आठवडे आधी झालेली असते. तेल आणि मृत पेशी साचून छिद्र बुजतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून छिद्रं बुजू न देणारं अडापलीन ०.१ टक्के जेल फक्त मुरुमावर न लावता, मुरूम येतात त्या सगळ्या भागावर लावायचं. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा. वाटाण्याएवढं जेल अख्ख्या चेहऱ्याला पुरतं. डोळ्यांभोवतीचा भाग, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा, वर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. सुरुवातीला त्वचा सोलवटते, मुरूम वाढल्यासारखेही वाटतात आणि नेमकं तिथेच बरेच जण औषध सोडतात. १२ आठवडे तरी द्या. चेहरा स्वच्छ झाला तरी डॉक्टर सांगेपर्यंत बंद करू नका. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर मात्र हे जेल नको.

क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन्महिने लावलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. सोबत जंतू मारणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड हवं. २.५ टक्के पुरतं. १० टक्क्यांनी जळजळच जास्त होते. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा घ्या, रंगीत कापडावर त्याने रंग उडून डाग पडतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे मेडिकलमधून विचारून आणलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ पडते, लाल होते आणि क्रीम थांबवलं की पुटकुळ्या उसळतात. फार दिवस लावलं असेल तर स्वतःहून एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्यावर नकोच. दिवसातून दोनदा धुणं पुरे.

फक्त कपाळावर पुरळ असेल तर आधी केसांचं तेल तपासा. सगळ्या पुटकुळ्या एकसारख्या बारीक असून खाजत असतील तर बुरशीची शंका घ्या. त्यावर अँटिबायोटिक उलटतं. जबड्याच्या कडेने दुखऱ्या गाठी आणि पाळी अनियमित असेल तर नुसत्या क्रीमने भागणार नाही, पीसीओडीची (हार्मोन बिघडल्याने होणाऱ्या अंडाशयाच्या त्रासाची) तपासणी करून घ्या.