पाच अक्षरी इंग्रजी शब्द हुडकायचा कसा?

आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर आधी वर्डल हे इंग्रजी शब्दकोडं सुटतं, मग वर्तमानपत्र उघडतं. आई निवृत्त शिक्षिका, तिचं इंग्रजी उत्तम, तरी सुरुवातीला ती फार अडायची. शब्द तिला माहीत असायचे, पण ती ते मनात ऐकायची. रात्रीचा 'नाइट' तिच्या कानाला ना-इ-ट एवढाच. मधले जी आणि एच ऐकूच येत नाहीत, तर सुचणार कुठून? आपण मराठीत जवळपास बोलतो तसंच लिहितो, म्हणून ही सवय आपल्या सगळ्यांनाच असते. या कोड्यापुरता कान बाजूला ठेवायचा आणि शब्द डोळ्यांनी बघायचा. खालची सगळी रीत त्यासाठीच आहे.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉश वॉर्डल या संगणक अभियंत्यानं आपल्या जोडीदारासाठी तो बनवला, ऑक्टोबर २०२१मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तो विकत घेतला. रोज एक पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर राखाडी. उत्तरांची मूळ यादी सुमारे २,३०० शब्दांची होती आणि त्यातले बहुतेक शब्द रोजच्या वापरातले. त्यामुळे जाडजूड शब्दकोश पाठ करायची मुळीच गरज नाही.

आधी कागदावर शेजारी शेजारी पाच घरं आखा. मोबाइलवर रंग दिसत असतानाही कागद हवाच, कारण पिवळ्या अक्षराच्या 'इथे नाही' अशा खुणा डोक्यात राहत नाहीत. घराखाली ते अक्षर लिहून त्यावर काट मारायची.

पहिला शब्द असा घ्या की पाचही अक्षरं वेगळी आणि नेहमी लागणारी असतील. मी 'क्रेन' घेते: सी, आर, ए, एन, ई. मराठीत दोन अक्षरं, इंग्रजीत पाच. ई, ए आणि आर ही या यादीत सर्वांत जास्त येणारी अक्षरं आहेत.

आता एक डाव जवळून बघू. समजा 'क्रेन'मधला ए तिसऱ्या घरात हिरवा झाला, आर पिवळा, बाकी तिन्ही राखाडी. आर दुसऱ्या घरात नाही हे कळलं; तिसरं ए-नं धरलंय. म्हणजे आर पहिल्या, चौथ्या किंवा पाचव्या घरात. एकेक घर घेऊन बघा. आर पहिला धरला तर 'रोस्ट'. पाचवा धरला तर जिन्याचा 'स्टेअर', एस-टी-ए-आय-आर. चौथा धरला की मात्र रांग लागते: स्मार्ट, स्टार्ट, शार्प, शार्क, अलार्म, डायरी. कानावर विसंबणारा इथेच थांबतो. 'बोर्ड'मध्ये ए ऐकू येत नाही, 'गार्ड'मध्ये यू ऐकू येत नाही, आणि नेमके हेच शब्द निसटतात. म्हणून पहिली दोन घरं मोठ्यानं न बोलता भरून बघा: बी-ओ, जी-यू, एच-ओ, डी-आय. आईला ही युक्ती कळली त्या दिवशी तिनं 'बोर्ड' तिसऱ्या ओळीत सोडवला होता.

एवढे पर्याय असताना एकेक ठोकत बसू नका. दुसऱ्या ओळीत 'शाउट' टाका: एस, एच, ओ, यू, टी. यात ए आणि आर नाहीत, म्हणजे हे उत्तर नाही हे ठाऊकच आहे. पण पाच नवी अक्षरं एका झटक्यात तपासली जातात. एस आणि एच दोन्ही हिरवे झाले तर शार्प, शार्क किंवा शार्ड. फक्त यू पिवळा झाला तर गार्डकडे वळा. (खेळात कठीण पातळी निवडली असेल तर सापडलेली अक्षरं पुन्हा वापरावीच लागतात, तिथे ही वाट बंद.)

शेवटाकडूनही विचार करा. मूळ यादीतले साधारण एक तृतीयांश शब्द ई किंवा वाय-नं संपतात, आणि दर सहा शब्दांमागे जवळपास एक एस-नं सुरू होतो. मात्र नुसता एस लावून केलेली अनेकवचनं उत्तर म्हणून सहसा येत नाहीत. क्यू सापडला तर त्यामागे यू गृहीत धरा. ए, ई, आय, ओ, यू सगळे राखाडी झाले तरी घाबरायचं नाही, तिथे वाय स्वराचं काम करतो: क्रिप्ट, निम्फ.

एकच अक्षर दोनदा येण्याचा घोळ नीट समजून घ्या. उत्तर उजेडाचा 'लाइट' आहे आणि तुम्ही 'स्किल' लिहिलंत, तर पहिला एल पिवळा होईल आणि दुसरा राखाडी. एल नाही असा त्याचा अर्थ नाही. एल एकच आहे.

सर्वांत जास्त डाव बुडतात ते आय-जी-एच-टी या शेपटीवर. चार घरं हिरवी होतात, माणूस खूश होतो आणि एकेक अक्षर बदलत सहाही ओळी संपवतो. 'क्रेन' पूर्ण राखाडी झालेला असेल तर आर, एन आणि ई आधीच बाद, म्हणजे राइट, नाइट आणि आठाचा 'एट' गेले. उरले फाइट, लाइट, माइट, साइट, टाइट. इथे 'फिल्म्स' लिहा. एफ, एल, एम, एस यांपैकी जो रंगेल तो पहिल्या घरात बसवा; एकही रंगला नाही तर टाइट.