लाल कांद्याची वाहतूक सुरू होण्याआधी पिकअपचे ब्रेक बघून घ्या

पाऊस उघडला की पिकअपवाल्या शेतकऱ्यांची एक तक्रार हमखास येते: ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. चार महिने गाडी चिखलातून, ओढ्याच्या पाण्यातून फिरलेली असते, नाहीतर आठवडेच्या आठवडे गोठ्याशेजारी उभी असते. खताच्या गोण्या वाहिल्या असतील तर सांडलेल्या युरिया-पोटॅशने लोखंड गंजायला मदतच केलेली असते. आता हीच गाडी लाल कांदा, टोमॅटो भरून लासलगाव-पिंपळगावला पळणार, कुणाची रात्री कसारा घाट उतरून वाशीला जाणार. रिकामी गाडी स्टेअरिंग घट्ट धरून सांभाळता येते. भरलेली गाडी घाटाच्या उतारावर तशी सांभाळता येत नाही. म्हणून हे काम माल निघायच्या आधी उरका.

बरेच जण पहिल्यांदा व्हील अलाइनमेंट करायला जातात. घाई करू नका. ब्रेक न दाबताही गाडी ओढत असेल, तर हवा, टायरची झीज, अलाइनमेंट किंवा चिकटून राहिलेला ब्रेक यांपैकी काहीतरी असते. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर दोष बहुतेक ब्रेकमध्येच सापडतो. तेव्हा आधी थंड टायरची हवा मोजा, पुढच्या दोन्ही चाकांत ती सारखी करा. मग मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने हलका ब्रेक दाबून बघा. आपले रस्ते पाणी निघून जावे म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे जातेच. ती चूक ब्रेकच्या माथी मारू नका.

आता मुख्य गोष्ट. गाडी डावीकडे ओढते म्हणून डावे चाक उघडले जाते, आणि तिथे सगळे ठीक दिसते. बहुतेक वेळा दोष उजवीकडे असतो. उजवा ब्रेक नीट धरत नाही, डावा धरतो, म्हणून गाडी डावीकडे फिरते. याला अपवाद चिकटलेल्या ब्रेकचा. तो सुटतच नाही आणि गाडीला आपल्याच बाजूला खेचत राहतो.

यातले कोणते, हे उष्णता सांगते. पाच-सात किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि दोन्ही पुढच्या रिमवर पाण्याचे चार थेंब शिंपडा. डिस्कला हात लावू नका आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. एका रिमवर थेंब चरचरून उडाले आणि दुसरी कोमट असेल, तर तापलेला ब्रेक चिकटलाय किंवा थंड ब्रेक कामच करत नाही. मग चाके जॅकवर घेऊन एकेक हाताने फिरवा. जड फिरते ते चिकटलेले. दोन्ही मोकळी फिरत असतील, तर थंड बाजू उघडा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. खाली स्टँड किंवा मजबूत लाकडी ठोकळे आणि मागच्या चाकांना दगड हवेतच.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ब्रेक दाबल्यावर भार पुढे येतो, म्हणून शोध पुढूनच सुरू करावा. पावसाळ्यानंतर सर्वात जास्त सापडणारा दोष म्हणजे कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना अडकणे. पिनेवरचे रबरी बूट फाटते, आत चिखलपाणी जाते, ग्रीस वाळते आणि पिन गंजते. मग आतला पॅड झिजून पत्र्याला आलेला आणि बाहेरचा जाड, असे चित्र दिसते. पिना साफ करून ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचे ग्रीस रबर फुगवते.

दुसरा दोष फसवा आहे: रबरी ब्रेक पाईप. बाहेरून चांगला दिसतो, आतून फुगून बंद होतो. पायाच्या दाबाने ऑईल कसेबसे पुढे जाते, पण पाय उचलला तरी परत येत नाही. त्यामुळे ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला जाते आणि सोडल्यावर दुसऱ्या. ओळखायचे असे: चाक जॅकवर असताना कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा. चाक अडकलेले राहिले, तर ब्लीडिंग निपलला, म्हणजे लाइनमधली हवा काढायच्या छोट्या स्क्रूला, प्लॅस्टिकची नळी लावून निपल अर्धा फेरा सैल करा. ऑईलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर पाईप बदला. नाही झाले, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम आहेत. निपल पुन्हा आवळा आणि लाइनमधली हवा काढून घ्या.

मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळून किंवा हबचे सील जाऊन लायनर, म्हणजे ड्रमला घासून ब्रेक लावणारे अस्तर, तेलकट होतो. तेलकट लायनर पेट्रोल टाकून जाळायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडा. तेल आत मुरलेले असते, लायनर बदलावाच लागतो, आणि तोही दोन्ही चाकांचा एकदम. गळणाऱ्या चाकाचा पाईप चेपून बंद करून गाडी चालवणे तर उघड उघड जिवाशी खेळ आहे. ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ती छातीत जाते.

ब्रेक ठीक निघाले तरच कमानपाट्यांचे सैल यू-बोल्ट, झिजलेले बुश आणि स्टेअरिंगचे बॉल जॉइंट बघावेत.

ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषते. नवे डॉट ३ प्रतीचे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते आणि लांब उतारावर पेडल खाली जाते. दोन वर्षांत एकदा ऑईल बदला. गाडीच्या पुस्तकात दिलेलेच भरा, आणि इंजिन ऑईल थेंबभरही पडू देऊ नका.

नवे पॅड टाकल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी पूर्ण भरू नका, जोरात ब्रेक मारू नका. पहिली घाटातली खेप त्यानंतरच लावा, आणि उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरा.