कपडेपटातला स्टीमर: कुठे वाफ द्यायची, कुठे इस्त्रीच काढायची

मी व्यावसायिक नाटकांचा कपडेपट सांभाळतो. दौऱ्यावर बसमधून उतरवलेली पेटी उघडली की अंगरखे, शेले, साड्या, कोट सगळं चुरगळून बसलेलं असतं, आणि रंगपटात इस्त्रीला टेबल मिळेलच असं नाही. त्यामुळे हातात धरायचा स्टीमर माझ्या रोजच्या कामातला. घरी घेणाऱ्यांकडून मात्र एकच तक्रार ऐकतो, वाफ भरपूर येते पण सुरकुत्या जात नाहीत. अशा वेळी मी आधी विचारतो, कापड कोणतं होतं आणि तुमचा दुसरा हात कुठे होता?

इस्त्री कापडाला उष्णता आणि दाब दोन्ही देते. स्टीमर उष्णता आणि ओल देतो, दाब तुम्हीच द्यायचा. म्हणून ज्या हातात स्टीमर नाही, त्या हाताने कापड खालच्या टोकाला धरून ताणायचं. कापड हँगरला किंवा खिडकीच्या गजाला लावा; रंगवलेल्या भिंतीसमोर किंवा सनमायकाच्या दारासमोर नको, वाफेने रंग आणि सनमायका दोन्ही सुटतात. वरून खाली हळूहळू या. घाईघाईने पाच वेळा फिरवण्यापेक्षा सावकाश एकदा फिरवलेलं जास्त लागू पडतं.

पॉलिस्टर, जॉर्जेट, शिफॉन हे स्टीमरचे खरे धनी. हे धागे उष्णतेने लगेच सैल पडतात, दोन बोटं अंतरावरून वाफ दिली तरी पदर सरळ लटकतो. लोकरी कोटही तसाच सोपा. लोकर मुळात लवचिक, वाफ लागली की आपणहून जागेवर येते. खांद्यावर आणि बाहीच्या कोपरावर थोडी जास्त वेळ द्या, तळहाताने थोपटा, झालं.

मखमलीला तर मी इस्त्री लावूच देत नाही. इस्त्रीने तिची लव कायमची चेपते आणि रंगमंचावरच्या प्रकाशात तो चकचकीत डाग शेवटच्या रांगेतूनही दिसतो. मखमल उलटी करून आतल्या बाजूने वाफ द्या, मग सुलट करून मऊ ब्रशने लव एका दिशेने उचला.

सुती आणि लिनन हट्टी असतात. सुती धाग्यातले कण पाण्यामुळे एकमेकांपासून सुटतात आणि सुकताना जशी स्थिती असेल तशी ती धरून ठेवतात. तेव्हा सुती कुर्ता कोरडा ठणठणीत असेल तर आधी फवाऱ्याने जरासा ओलसर करा. मग स्टीमरचं तोंड कापडाला टेकवा आणि मागून आधार द्या. आधाराला मी जाड टॉवेलची चौपदरी घडी वापरतो, हात भाजू नये म्हणून जाड मोजा घालतो. कॉलर, बटणपट्टी, कफ यांना हा आधार नसेल तर वाफ नुसती आरपार जाते. इतकं करूनही कडक इस्त्रीचा ताठपणा येत नाही. खळ दिलेलं धोतर, पँटची कडा, परीटघडीचा शर्ट हवा असेल तर सरळ इस्त्री काढा. स्टीमर घडी मोडतो, घडी घालत नाही.

रेशीम आणि जर याबद्दल थोडं सविस्तर, कारण नुकसान इथेच होतं. रेशमावर गरम पाण्याचा थेंब पडला तर वाळल्यावर डाग उमटतो, आणि स्टीमर सुरू होताना पाणी थुंकतोच. दिवा लागायच्या आधी बटण दाबू नका. दिवा लागल्यावरही पहिली वाफ जुन्या नॅपकिनवर सोडा. थेंब थांबून स्वच्छ, सलग वाफ येऊ लागली की मगच साडीकडे वळा. टाकी काठोकाठ भरू नका आणि स्टीमर आडवा करू नका. पैठणीला उलट्या बाजूने, मध्ये मलमलचा तुकडा धरून वाफ द्यायची, काठावर हात सर्वात हलका. टेस्टेड जरीत, म्हणजे अस्सल चांदीची नसलेल्या जरीत, तांबं असतं, ते ओलीने काळं पडतं. म्हणून वाफ दिल्यावर साडी पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. दमट असतानाच घडी घालून कपाटात ठेवलेली पैठणी पुढच्या लग्नात काळपट निघते. नऊवारी सव्वाआठ मीटरची असते, ती गजावर दुपदरी टाकून दोन्ही पदरांना एकदम वाफ देण्याचा मोह होतो. तसं केलं तर आतला पदर सुरकुतलेलाच राहतो. एकेक पदर घ्या.

टिकल्या, चिकटवलेले खडे, आरी वर्क असलेला ब्लाउज आतून आणि अंतर ठेवून. गोंद उष्णतेने सुटतो, प्लॅस्टिकच्या टिकल्या वळतात. चामडं आणि मेण लावलेलं कापड यांना वाफ नकोच. कपड्याच्या आतली पट्टी बघायची सवय लावा: इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. चित्राखालच्या वाफेच्या रेघांवर फुली असेल तर स्टीमर बाजूला ठेवा.

घामाच्या किंवा मेकअपच्या डागावर वाफ मारू नका. उष्णतेने डाग पक्का बसतो. आधी डाग काढा, मग सुरकुती.

अंगावर घातलेल्या कपड्यावर तर कधीच नाही. दुसरी घंटा झाली की हमखास कुणीतरी म्हणतं, "दादा, असंच मारा ना जरा!" मी कपडा उतरवायला लावतो, मग तो कितीही मोठा नट असो. वाफेचं पाणी होताना तिच्यातली सुप्त उष्णता त्वचेत जाते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा खोल बसतो. हाच नियम घरात मुलं आसपास असताना.

विजेचं गणित सोपं आहे. 1500 वॉटचा स्टीमर 230 व्होल्टवर साडेसहा अँपियर ओढतो, म्हणजे 6 अँपियरच्या साध्या पॉइंटला तो जास्तच झाला. 16 अँपियरचा पॉइंट शोधा, बारीक वायरची एक्स्टेंशन टाळा. 200 मिलीची टाकी मिनिटाला 20 ग्रॅम वाफेच्या हिशोबाने दहा मिनिटं पुरते. दोन-तीन साड्या असतील तर पाण्याची बाटली शेजारी ठेवा, आणि भरताना प्लग काढा.

पाणी आरओचं किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. बोअरचं जड पाणी घातलं तर आत क्षार साचतात आणि एक दिवस काळ्या कोटावर पांढरे कण उडतात. टाकीत अत्तर, खळ, सुगंधी द्रव काहीही घालू नका.

वाफ दिलेला कपडा लगेच अंगात घालू नका. दहा मिनिटं हँगरवर गार होऊ द्या, कारण आकार पक्का होतो तो गार होतानाच. गरम असताना घालून बसलात तर पाठीवर नव्या सुरकुत्या उमटतात. तोवर टाकी रिकामी करा, स्टीमर गार होऊ द्या आणि मगच पेटीत ठेवा.