दारातला चपलांचा ढीग आणि साडेतीन फुटी बोळ

डोंबिवलीतला वन बीएचके, दार उघडलं की साडेतीन फूट रुंद बोळ आणि मग हॉल. माणसं चार, एक दिवस वैतागून चपला-बूट मोजले तर एकवीस जोड निघाले, त्यातले रोजचे फक्त सात. म्हणजे जागा लहान होतीच पण बाकीचे चौदा जोड दारात फुकट राहत होते. ते आधी खोक्यात घालून पलंगाखाली ढकला, त्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

मग टेप घ्या. दार पूर्ण उघडा आणि ते जिथून फिरतं तिथे खडूने फरशीवर रेघ मारा, त्या रेघेच्या आत काहीच ठेवता येत नाही. आम्ही हे न करता रॅक आणलं, दार अर्धंच उघडायचं आणि गॅसवाला सिलेंडर घेऊन आला की आधी रॅक हलवा मग तो आत. रॅकची लांबी जास्त चालते हो, खरा घोळ ते भिंतीपासून किती खोल येतं त्याचा असतो. साधं रॅक १३-१४ इंच खोल, ४२ इंचाच्या बोळात उरले २८, त्यात दोन माणसं समोरासमोर आली की एकाने मागे जायचं. त्याऐवजी पुढे तिरक्या उघडणाऱ्या झडपांचं रॅक असतं ना, ज्यात बूट उभे राहतात, ते ७ ते ९ इंच खोलीत बसतं. फक्त घरातला सगळ्यात मोठा स्पोर्ट शूज दुकानात घेऊन जा आणि घालून बघा, ७ इंचवाल्यात तो अडकतो. आणि हे रॅक भिंतीला स्क्रूने पक्कं करायलाच हवं, सगळ्या झडपा एकदम उघडल्या किंवा पोरं लोंबकळली तर पुढे कलंडतं.

बजेट नसेल तर गुडघ्याच्या उंचीला खुंट्यांची पट्टी मारा, अंगठ्याच्या चपला पट्ट्याने लटकतात. टाचेच्या सँडलसाठी बाथरूमचा टॉवेल रॉडसुद्धा चालतो, टाच रॉडवर अडकते. दिसायला जरा चपलांचं दुकान वाटतं पण झाडू सरळ फिरतो.

ड्रिल करताना मात्र भिंत कसली ते बघा. नवीन टॉवरमध्ये मायवानच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) भिंती म्हणजे सरळ काँक्रीट, हॅमर ड्रिलशिवाय जात नाही. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये उलट, भोक पटकन पडतं आणि छोटा प्लग महिन्याभरात सैल होतो, तिथे लांब प्लग घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते. एमसीबीचा, म्हणजे वीज तोडणाऱ्या खटक्यांचा बॉक्स दाराजवळ असेल तर त्याच्यासमोर कपाट नको, रात्री ट्रिप झाल्यावर अंधारात कोण सामान उतरवणार.

दाराच्या वर, सात फुटाच्या पुढे, दहा इंचाची एक फळी सहज बसते, तिथे उन्हाळाभर रेनकोट आणि पाहुण्यांच्या जास्तीच्या स्लीपर. सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर लोहचुंबकाचे हुक चिकटतात, अॅल्युमिनियमला नाही चिकटत. त्यावर दुधाची पिशवी अडकवा, किल्ल्या अजिबात नको, जाळीतून बाहेरच्याचा हात पोचतो. घरात आजी-आजोबा असतील तर भिंतीला दुमडणारी फळीची बैठक लावून घ्या, साधारण १७-१८ इंच उंच, एका पायावर उभं राहून बुटाची लेस बांधणं त्यांच्याच्याने होत नाही. आणि जिन्यात कपाट ठेवायचा मोह आवरा, शेजारी तोंडावर काही बोलत नाहीत पण आग लागली तर सगळ्यांनी तिथूनच पळायचंय.

आता पावसाळा, आमच्या पहिल्या रॅकचा जीव इथेच गेला. पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं होतं, दुसऱ्या जुलैत खालची फळी पुरणपोळीसारखी फुगली. सुताराकडून करून घेत असाल तर पाण्याला टिकणारं मरीन प्लाय सांगा, त्यावर त्याच्या आयएस मानकाचा ७१० चा शिक्का स्वतः बघा, आणि खाली चारेक इंचाचे पाय ठेवा म्हणजे पोछा आत जातो. मागच्या बाजूला भोकं हवीत, बंद कप्प्यात ओली चप्पल गेली की चार दिवसात बुरशी. ओले बूट आधी बाहेर ट्रेमध्ये, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, सुकले की मगच रॅकमध्ये.

छत्र्यांसाठी प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा उरलेला तुकडा मागून आणा, क्लॅम्पने कोपऱ्यात उभा करा, खाली कुंडीची बशी. त्यात दोन घडीच्या छत्र्या आरामात निथळतात, बशीतलं पाणी तेवढं रोज ओता नाहीतर डास होतात.