अमेरिकेत इंडी (मोठ्या स्टुडिओशिवाय, कमी पैशात) फिल्म करायचीय? लिऑन इचासोचं करिअर बघा आणि को-रायटरसोबत आधी कागद करा

न्यूयॉर्क-जर्सीला फिल्म शिकायला आलेली आपली मुलं विचारतात की कुणाचं करिअर बघून शिकायचं, मी दरवेळी एकच नाव सांगतो, क्युबन-अमेरिकन दिग्दर्शक लिऑन इचासो. जन्म हवानाचा, 1948 चा, वडील कवी, चौदाव्या वर्षी देश सुटला. पहिली फीचर 1979 ची 'एल सुपर', तीही मुख्यतः स्पॅनिशमध्ये. न्यूयॉर्कमध्ये एका बिल्डिंगच्या तळघरात राहून तिथली देखभाल करणारा क्युबन माणूस, थंडीला विटलेला, मायामीला जायचं म्हणतोय, बस एवढीच गोष्ट. पैसा नसताना काय लिहावं हे ज्याला कळत नाही त्याने ही बघावीच, एक घर आणि ओळखीची माणसं, त्यातच सगळं.

आता नीट वाचा. ही फिल्म इवान अकोस्ताच्या नाटकावरून, पटकथा इचासो आणि मानुएल आर्से दोघांची, दिग्दर्शन इचासो आणि ओर्लांदो हिमेनेस लेआल दोघांचं. म्हणजे एका छोट्या फिल्ममध्ये किती जणांचे हक्क आले बघा. इंडी फिल्म अशीच मित्रांत बनते आणि माझा घात इथेच झाला. मी आणि एका मित्राने मिळून स्क्रिप्ट लिहिलं, कागद, म्हणजे लेखी करार, काही केला नाही, मैत्रीत कसला कागद. फिल्म झाली, एका डिस्ट्रिब्युटरने रस दाखवला आणि पहिल्याच मेलमध्ये हक्कांची कागदपत्रं मागितली. अमेरिकन कायद्यात दोघांनी एकत्र लिहिलेलं आणि वेगळं काही ठरवलेलं नसेल तर दोघं सारखे मालक. एकटा फार तर साधी परवानगी देऊ शकतो, एक्सक्लुझिव्ह हक्क, म्हणजे फक्त त्या एकालाच, द्यायचे तर दोघांच्याही सह्या लागतात, आणि डिस्ट्रिब्युटरला एक्सक्लुझिव्हच हवे असतात. तुम्ही ऐंशी टक्के लिहिलं असेल तरी कायदा पानं मोजत नाही. मित्राने सही दिली नाही, डील गेली, अजून आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून पहिलं पान लिहायच्या आधी कागद करा. नाव कुणाचं आधी, पैसे कसे वाटायचे, एकजण मधेच सोडून गेला तर स्क्रिप्ट कुणाचं, विकायची सही कोण करणार, एवढं तरी लिहा. रायटर्स गिल्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेच्या, साइटवर नमुना मिळतो. नाटक किंवा कथा घेताय तर लेखकाकडून लेखी ऑप्शन (ठरावीक मुदतीत हक्क विकत घ्यायची मुभा) घ्या, फोनवरचा होकार धरू नका. स्क्रिप्ट गिल्डकडे रजिस्टर केलं म्हणजे झालं असंही समजू नका, कॉपीराइट ऑफिसचं रजिस्ट्रेशन वेगळं आणि तेच जास्त कामाचं.

घाबरू नका पण, दोन पानांचं काम आहे, आणि खरा मित्र असेल तर रागवत नाही.

पैसे घेऊन मेंटॉरगिरी करणाऱ्यांपासून लांब राहा, हे माझं ठाम मत. त्यापेक्षा कुणाच्या तरी सेटवर मिळेल ते काम करा. टीव्हीला नाकं मुरडणारेही मला पटत नाहीत. इचासोने 1985 ला गायक रुबेन ब्लेड्सला घेऊन 'क्रॉसओव्हर ड्रीम्स' केली आणि नंतर 'मायामी व्हाइस' ह्या टीव्ही मालिकेचे एपिसोडही केले, टीव्हीसाठी बॉक्सर मोहम्मद अलीवर आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवर फिल्म केल्या. मधल्या काळात, 1996 ला, क्युबावरची 'बिटर शुगर' ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढली. टीव्ही केलं म्हणून त्याच्यातला लेखक संपला नाही. कवी-नाटककार मिगेल पिन्येरोवरची 'पिन्येरो' आली 2001 ला, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता! तुम्ही पंचविशीत उशीर झाला म्हणून रडताय.

आणि ज्यांचं स्क्रिप्ट अर्धं लिहून झालंय त्यांनीही ह्याच आठवड्यात को-रायटरला बसवून सह्या घ्या. मागची तारीख टाकायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. तारीख सही केली त्याच दिवसाची टाका, आणि आधी लिहिलेला भागही ह्या करारात येतो असं एक वाक्य स्पष्ट लिहून घ्या.