टायगर मॉथ वळताना नाक उलटीकडे का फिरवत होतं?

माझं टायगर मॉथ म्हणजे त्या जुन्या दुपंखी विमानाचं पाव मापाचं, रिमोटवर उडणारं मॉडेल, पंखांची लांबी सव्वादोन मीटर. सरळ उडायचं झकास. पण डावीकडे वळवलं की आधी नाक उजवीकडे जायचं, मग शेपूट लोंबकळत कसंबसं वळण. दोनदा तर गती मरून पडता पडता वाचलं. आधी गुरुत्वमध्य तपासला, मग पंखांचे कोन. दोन रविवार फुकट!

चूक एलेरॉनमध्ये, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांमध्ये होती. मी ते वर-खाली सारखेच हलतील असे लावले होते. खाली झुकणारा एलेरॉन त्या बाजूचा उचल वाढवतो, पण सोबत ओढही वाढवतो, आणि तो पंख मागे खेचला जातो. मूळ १९३१च्या विमानात एलेरॉन फक्त खालच्या पंखांना आहेत, आणि खाली ते जेमतेमच झुकतात. हे आधी बघायला हवं होतं.

प्रत्येक एलेरॉनला हलवायला स्वतंत्र सर्वो (छोटी मोटर) होताच. ट्रान्समीटरमध्ये डिफरन्शियल लावलं, म्हणजे एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी हलतील असं केलं: वर २५ मिलिमीटर, खाली ८. थोडं रडर मिक्सही केलं, म्हणजे एलेरॉनसोबत शेपटीचं सुकाणूही आपोआप वळेल असं. पुढच्या सकाळी, वारा सुटायच्या आत उडवलं, तर पहिल्याच वळणात नाक मुकाट्याने आत.

मिक्स मात्र आता काढून टाकलंय. रडर अंगठ्यानेच द्यावा, मजा त्यातच आहे.