मध्ययुगीन फ्रेंच जहागिरींचे वारस शोधताना या चुका टाळा

फ्रान्समध्ये बायकांना वारसा मिळतच नसे, असं धरून चालणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. 'सॅलिक कायदा' (स्त्रियांना वारसा नाकारणारा म्हणून सांगितला जाणारा जुना फ्रँक लोकांचा कायदा) एवढं म्हणायचं आणि मुलींची नावं वंशावळीतून गाळायची, हे सर्रास चालतं. १३१७ च्या पॅरिसच्या सभेनं स्त्रीला नाकारली ती फक्त राजगादी. सॅलिक कायद्याचा आधार तर त्या निर्णयाला पुढे कधीतरी जोडला गेला. जहागिरी मात्र मुलगा नसला की मुलीकडे जात. ११३७ मध्ये अ‍ॅक्विटेन एलिनोरला मिळालं. १२४४ मध्ये फ्लँडर्स जानकडून तिच्या बहिणीकडे, मार्गारितकडे गेलं. स्त्रियांची शाखा वगळली गेली म्हणून राजा झालेल्या सहाव्या फिलिपनंच १३४१ मध्ये ब्रिटनीसाठी जान द पाँतिएव्रचा हक्क उचलून धरला! राजघराण्यातल्या धाकट्या मुलांना तोडून दिलेल्या मुलखांचं वेगळं. तिथे मूळ दानपत्र वाचावं. १३१४ मध्ये प्वातूला 'फक्त पुरुष वारस' ही अट घातली गेली. अर्त्वाच्या जुन्या दानाला ती नव्हती.

अर्त्वावरूनच दुसरी चूक कळते. थोरला मुलगा आधी वारला तर त्याच्या जागी नातू, हे आपल्याला स्वाभाविक वाटतं. अर्त्वाच्या रूढीत तसं नव्हतं. काउंट दुसरा रोबेर १३०२ मध्ये कुर्त्रेच्या लढाईत पडला. मुलगा १२९८ मध्येच गेलेला. नातू हयात असूनही अर्त्वा मिळालं मुलीला, माओला, कारण ती मृताला एक पिढी जवळची. नातवानं पुढे बनावट कागद पुढे केले आणि १३३२ मध्ये हद्दपारी ओढवून घेतली.

तिसरी चूक म्हणजे एका माणसाच्या सगळ्या पदव्या एकगठ्ठा एकाच वारसाला देणं. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द रुव्र १३६१ मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा वाटणी अशी झाली:

- बर्गंडीची डची (ड्यूकची जहागीर): राजा दुसरा जाँ, म्हणजे आजोबांच्या बहिणीचा मुलगा
- बर्गंडीची काउंटी (काउंटची जहागीर) आणि अर्त्वा: मार्गारित, आजीची बहीण
- ओव्हेर्न्य आणि बुलोन्य: आईचे काका

जमीन ज्या बाजूनं आली त्याच बाजूला परतली. नावारच्या शार्लनं डचीवर हक्क सांगितला, कारण त्याची आजी ही जाँच्या आईची थोरली बहीण होती. पण तो नातू आणि जाँ मुलगा. इथेही जवळची पिढी जिंकली. म्हणून तक्ता माणसाचा न करता एकेका जहागिरीचा करा: ती कोणाकडून आली, तिथली रूढी कोणती, मृताला कोण किती पिढ्या जवळचं. बर्गंडीची डची आणि काउंटी एक समजू नका. काउंटी फ्रान्सच्या राजाच्या नव्हे, पवित्र रोमन साम्राज्याच्या अखत्यारीत होती.

दत्तक वारस शोधण्यात वेळ घालवू नका. मराठी संस्थानांचा इतिहास वाचलेल्यांना ही शंका हमखास येते, पण या रूढींमध्ये गादी चालते ती रक्ताच्या आणि औरस वारसाकडून.

एवढं करूनही वारस आधीचा धनी जिवंत असतानाच गादीवर बसलेला दिसला, तर तारखा तपासा. राजदरबाराच्या कागदांत नवं वर्ष ईस्टरला सुरू होई. त्यामुळे १ जानेवारी ते ईस्टर या काळातल्या तारखेत एक वर्ष मिळवावं लागतं. पाचव्या फिलिपचा राज्याभिषेक ९ जानेवारी १३१७ चा, त्या पद्धतीनं १३१६ चा. तो आकडा तसाच उतरवला, तर जून १३१६ मध्ये वारलेला त्याचा थोरला भाऊ, राजा दहावा लुई, तेव्हा हयात ठरतो.